बक्षीस आणि बेगमी

२०२४ च्या मार्च महिन्यात नेरूळमधील एका लहानशा सभागृहात वाढत्या गोळीबारांवर एक परिसंवाद झाला, आणि माझ्या शिरवणे गावाहून ते ठिकाण फार दूर नसल्याने मीही श्रोता म्हणून जाऊन बसलो. निमित्त ताजे होते. २ फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, द्वारली गावच्या जमिनीच्या वादावरून एका आमदाराने दुसऱ्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला होता. आणि तो धक्का ओसरायच्या आत, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून खून झाला होता. फाशी द्या म्हणणारे, चकमकीत उडवा म्हणणारे, पोलीस ठाणी वाढवा म्हणणारे आणि सारा दोष चित्रपटांवर ढकलणारे वक्ते व्यासपीठावर होतेच. जिथे गोळी पोलीस ठाण्याच्या आतच सुटते तिथे नुसती ठाणी वाढवून काय साधणार, एवढे विचारले की त्यांच्याशी चाललेला वाद संपतो.

मला अस्वस्थ केले ते एका वयोवृद्ध सर्वोदयी कार्यकर्त्याच्या भाषणाने. ज्यांच्या आयुष्याकडे बोट दाखवता येऊ नये अशा मोजक्या माणसांपैकी ते एक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, गावातले भांडण शस्त्रापर्यंत जाऊ न देणे हे गावाचेच काम आहे, ते गावानेच केले पाहिजे, आणि त्यात सरकारने एक पैसाही घालता कामा नये. कारण सरकारी पैसा ज्या लोककार्यात शिरतो त्याची आधी योजना होते, मग तक्ता होतो, आणि शेवटी ते कोणाच्या तरी खिशात जाते. टाळ्या पडल्या, त्यांत माझ्याही होत्या. घरी परतताना मात्र मला आमच्याच गावातील एक रात्र आठवली, आणि त्या टाळ्यांची टोचणी लागली ती आजतागायत गेलेली नाही.

ती रात्र हळदीची होती. आगरी लग्नातली हळद म्हणजे अर्धे लग्नच. धवलारीण धवले म्हणून थकून बसलेली, बेंजोवाल्यांचा कल्लोळ शिगेला पोचलेला, आणि मांडवाच्या कडेला दोन चुलत घरांमधला, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या भूखंडाच्या वाटणीवरून वर्षभर धुमसणारा वाद एका शब्दासरशी भडकलेला. कोणीतरी एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या बापाचा चारचौघांत पाणउतारा केला. पोर काही बोलला नाही. त्याचा उजवा हात सदऱ्याखाली कमरेपाशी गेला आणि तिथेच राहिला. तिथे काय आहे हे ज्यांना कळले ते मागे सरकले. पुढे आले ते फक्त नाना. नानांचे वय सत्तरीच्या आसपास; तरुणपणी मिठागरावर राबलेले, मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात आयुष्य काढलेले, आणि निवृत्तीनंतर शिरवणे एमआयडीसीतल्या एका गोदामावर रात्रीची रखवाली करणारे. पोराच्या त्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, "चल पोरा, मना घरा सोर. रातचा मना दिसत नाय." नानांची नजर त्या वयातही धड होती हे अख्ख्या गावाला ठाऊक होते, पोरालाही ठाऊक होते. पण म्हाताऱ्या माणसाने घरी सोड म्हटल्यावर नाही म्हणण्याची रीत त्याला कोणी शिकवलेली नव्हती. मोटारसायकलवर नाना मागे बसले, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरून.

लोक एवढीच गोष्ट सांगतात. मला सांगायचे आहे ते तिच्यानंतरचे. नाना त्या रात्री पोराला आपल्या ओटीवर बसवून पहाटेपर्यंत जागे राहिले. दुसऱ्या दिवशी पोराच्या मामाला आणायला पनवेलच्या पलीकडे गेले. अकरा दिवस दोन घरांच्या मध्ये येरझारा घालत राहिले. त्यांतल्या नऊ रात्री त्यांची रखवाली बुडाली, आणि दहाव्या रात्री गोदामवाल्याने दुसरा माणूस ठेवला. पोराच्या कमरेचा गावठी कट्टा घेऊन ते एका पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यांना तीन तास उभे ठेवण्यात आले. कुठे सापडला, कोणाचा आहे, तुमचा ह्यात संबंध काय? नानांनी नाव सांगितले नाही. त्यांचा संबंध काय, या प्रश्नाला खरोखरच दप्तरी उत्तर नव्हते, कारण १९५९ चा शस्त्र अधिनियम परवानाधारकाला ओळखतो आणि आरोपीला ओळखतो. ज्याने दुसऱ्याच्या कमरेचे शस्त्र स्वतःच्या जिवावर उदार होऊन काढून घेतले असा तिसरा माणूस त्या कायद्याच्या नजरेसमोर नाही. नानांच्या वहीत त्या अकरा दिवसांचा हिशेब आहे: रिक्षा, बस, मामाच्या चहाफराळाचे, बुडालेले रोज. बेरीज ३,४०० रुपये. गेलेल्या नोकरीची किंमत तीत धरलेली नाही.

आता त्या वृद्ध कार्यकर्त्यांचा युक्तिवाद नानांच्या वहीसमोर ठेवून पाहावा. तो युक्तिवाद हलका नाही, आणि त्याची सर्वांत भक्कम बाजू आमच्या पट्ट्याला शिकवावी लागत नाही. येथे जुन्या माणसांसमोर 'गोळीबार' हा शब्द उच्चारला तर त्यांच्या डोळ्यांपुढे गुंड येत नाहीत, सरकार येते. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे गेली. ज्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरून आज भाऊबंदकी पेटते ते भूखंड त्या रक्ताच्या मोबदल्यात आले आहेत. अशा मुलुखातल्या लोकांनी आपल्या घरातले भांडण मिटवण्यासाठी त्याच सरकारचा हात धरावा असे म्हणणाऱ्याने आवाज खाली ठेवूनच बोलले पाहिजे, हे मी जाणतो.

शिवाय हे मत एका मोठ्या परंपरेतून आलेले आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे, आणि दंडशक्तीहून भिन्न, हिंसाशक्तीची विरोधी अशी तिसरी शक्ती लोकांत जागवण्याची त्यांची कल्पना महाराष्ट्राच्या विचारविश्वात अजून खोलवर मुरलेली आहे. १९५६ मध्ये पळणी येथे भूदान आंदोलनाने 'तंत्रमुक्ती' आणि 'निधिमुक्ती' स्वीकारली. समित्या विसर्जित झाल्या, गांधी निधीतून येणारा पैसा थांबवण्याचे ठरले, आणि कार्यकर्त्याने यापुढे लोकाधारावर उभे राहावे असा निश्चय झाला. परिसंवादातल्या त्या वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुखातून निधिमुक्तीच बोलत होती. तिच्या उदात्ततेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तिच्या अर्थाबद्दल, आणि विनोबांनी तिचा जो अर्थ स्वतः केला तो त्यांचे आजचे अनुयायी विसरले आहेत अशी माझी तक्रार आहे.

कारण ज्यांनी निधिमुक्ती सांगितली त्यांनीच शांतिसेना सांगितली, आणि शांतिसेनेबरोबर सर्वोदय-पात्र सांगितले. प्रत्येक घरात एक भांडे असावे, घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य त्यात पडावे, आणि त्या धान्यावर शांतिसैनिकाचे पोट चालावे. म्हणजे जो माणूस दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभा राहणार त्याला पोट आहे, त्याच्या घरात चूल आहे, आणि त्याची सोय भांडण पेटण्याच्या आधी, भांडण होईल की नाही हे ठाऊक नसताना करून ठेवली पाहिजे, हे विनोबांना पूर्णपणे मान्य होते. वाद उरतो तो धान्य कोणाच्या कोठारातून यावे एवढाच. मूठ घराघरातून येत असती तर मीही सरकारचे नाव काढले नसते. पण ती मूठ आली नाही. शिरवण्यात तर ते भांडे कोणी पाहिलेलेही नाही, आणि नानांच्या ३,४०० रुपयांसाठी टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा श्रोत्यांपैकी कोणी झोळी फिरवली नाही.

चंबळच्या खोऱ्यात हा प्रश्न दोनदा कसोटीला लागला. १९६० च्या मे महिन्यात भिंड-मुरैना भागात, फाशीच्या छायेत नैनीच्या तुरुंगात असलेल्या तहसीलदारसिंगाच्या पत्रावरून गेलेल्या विनोबांच्या पायांशी वीसएक बागींनी बंदुका ठेवल्या. देश थरारला. पण मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख रुस्तमजी यांची या मार्गावर उघड नाराजी होती, शासन बाजूला उभे होते, आणि खटल्यांचा, वकिलांचा, बायकामुलांच्या पोटाचा भार चंबळ घाटी शांती समितीच्या मूठभर कार्यकर्त्यांवर पडला. बारा वर्षांनी, १४ एप्रिल १९७२ रोजी, जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत मोहरसिंग आणि माधोसिंग यांच्या टोळ्यांनी शस्त्रे ठेवली तेव्हा मागची व्यवस्था निराळी होती: फाशी होणार नाही याची हमी आधीच बोलून झाली होती, पुढे मुंगावलीला खुला तुरुंग उभा राहिला, जमिनीची आणि कुटुंबांच्या पुनर्वसनाची जबाबदारी राज्याने पत्करली होती. त्या खेपेला शरण येणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. चंबळमध्ये त्यानंतर टोळ्या उपजल्या नाहीत असे मुळीच नाही. पण जयप्रकाशजींच्या नैतिक अधिकाराला सरकारी तरतुदीमुळे बट्टा लागला असे त्या खोऱ्यात कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, आणि सरकारी पैशाचा नुसता स्पर्श लोकशक्तीला बाटवतो हा सिद्धान्त खरा असता तर तो तिथे सर्वांत आधी दिसायला हवा होता.

निधिमुक्तीच्या कैवाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे, आणि ती मी सौम्य शब्दांत विचारू शकत नाही. सरकारने हात काढून घेतला की ती जागा रिकामी राहते असे त्यांना वाटते काय? आमच्या पट्ट्यात ती एक दिवसही रिकामी राहत नाही. तरुण मंडळाची वर्गणी कोण देतो, दहीहंडीच्या फलकावर सर्वांत मोठा चेहरा कोणाचा असतो, पोराच्या जामिनासाठी रात्री अकरा वाजता वकील कोण पाठवतो, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ज्याला जमीन मोकळी करून हवी आहे, ज्याला पुनर्विकासात आडवा येणारा एक हिस्सेदार गप्प करून हवा आहे, त्याचीच थैली तिथे आधी पोचते. २०१३ च्या फेब्रुवारीत वाशीत एका बांधकाम व्यावसायिकाचा दिवसाउजेडी गोळ्या घालून खून झाला तेव्हा सारे शहर हादरले. पण जमिनीचा पैसा आणि भाड्याचा हात यांची सोयरीक काही त्या दिवशी जुळली नव्हती. अशा ठिकाणी लोककार्य निधिमुक्त ठेवण्याचा आग्रह धरणे म्हणजे ते कोणाच्या निधीवर चालेल हे दुसऱ्या कोणाला तरी ठरवू देणे होय.

इतके बोलल्यावर मला प्रतिपक्षाची एक गोष्ट निःसंकोच मान्य केली पाहिजे: सरकारने अशा कामात जेव्हा जेव्हा पैसा घातला तेव्हा तो बहुतेक वेळा चुकीच्या रीतीने घातला. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू थोर होता. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे, आणि जे गाव गुणांकनात उतरेल त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात लाखांची रक्कम. समित्यांनी खरोखर मिटवलेली भांडणे असंख्य आहेत आणि त्यांची चेष्टा करणाऱ्यांना मी जवळ करणार नाही. पण जिथे तंटा नसण्याला पैसा मिळतो तिथे तंटा आहे हे सांगणारा माणूस गावाचा शत्रू ठरू लागतो. मारहाण झालेल्या सुनेला 'पुरस्काराचे वर्ष आहे, थोडे दमाने घे' असे सांगण्याचा मोह त्या रचनेतच होता, आणि गावाला एकदा रक्कम मिळाली की समितीला पुन्हा बसण्याचे कारण उरत नव्हते.

गडचिरोलीतील नक्षल गावबंदी योजनेचे दुखणे ह्याहून गंभीर. २००३ पासून चालत आलेल्या या योजनेत ग्रामसभेने सशस्त्र दलांना गावात थारा न देण्याचा ठराव करायचा आणि त्याबद्दल शासनाने विकासकामांसाठी निधी द्यायचा, जो पुढे ६ लाखांपर्यंत गेला. शेकडो गावांनी ठराव केले. कित्येकांनी आपल्या जुन्या भरमार बंदुकाही पोलिसांच्या स्वाधीन केल्या. हे धैर्य शहरातल्या माणसाला कळणार नाही, कारण त्या जंगलात खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. निधी येई तो ठरावानंतर, रस्त्यासाठी, सभागृहासाठी. ठरावाच्या आणि त्या सभागृहाच्या मधल्या रात्री, ज्याने हात वर केला त्याच्या घराबाहेर पावले वाजली तर त्याने काय करावे, याची सोय त्या रकमेत कुठे होती? २०२५ च्या ऑक्टोबरात माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्या यशाच्या छायाचित्रांत ठराव करणारी ती गावे मला कुठे दिसली नाहीत.

येथे मला एक भेद करायचा आहे, आणि या लेखातले बाकी सारे कोणी नाकारले तरी चालेल, हा भेद मात्र ध्यानात घ्यावा अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे मिरगाच्या आधी प्रत्येक घरात बेगमी होते. सुके बोंबील, सोडे, जवळा उन्हे देऊन पत्र्याच्या डब्यांत भरायचा, तांदूळ कणगीत, लाकूडफाटा पडवीत, कौले शाकारून घ्यायची. पाऊस किती पडेल, होड्या किती दिवस किनाऱ्याला राहतील, हे कोणालाच ठाऊक नसते. ठाऊक नसते म्हणूनच बेगमी करतात. पावसाळा नीट गेला म्हणून गौरीगणपतीला नवे लुगडे घेणे हे वेगळे, ते बक्षीस. ते आनंदाचे असते, पण आषाढात ते शिजवून खाता येत नाही. तंटामुक्तीची रक्कम बक्षीस होती. गावबंदीचा निधीही बक्षीसच. नानांना हवी होती ती बेगमी. बक्षिसासाठी फळ दाखवावे लागते, आणि जो खून झालाच नाही तो कोणत्या पंचनाम्यात दाखवणार? बेगमीला फळाचा पुरावा लागत नाही. माणूस तयार आहे की नाही एवढेच ती पाहते. सरकारी पैशाने लोककार्य कुजते असे म्हणणाऱ्यांनी ज्या ज्या कुजण्याचा अनुभव घेतला तो मला वाटते बहुतांशी बक्षिसाचा अनुभव होता, आणि त्यांनी त्याचा दोष पैशाला लावला.

बेगमी नेहमी पैशाचीच असते असेही नाही, हे भिवंडीने दाखवले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्याआधीही शांतता समित्या होत्याच. पण तिथे पुढारी ठाण्यात येत, चहा घेत, एकतेचे आवाहन करून जात. खोपड्यांच्या समित्यांत यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक असे साधे हिंदू-मुसलमान शेजारी होते, बैठका मोहल्ल्यात होत, आणि प्रत्येक समितीला ठरावीक पोलीस शिपाई नेमून दिलेला असे, म्हणजे गल्लीला आपला शिपाई नावाने ठाऊक आणि शिपायाला गल्ली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सरकारने तिथे वेचले ते मुख्यतः आपल्या माणसांचे तास, आणि तेही शांततेच्या काळात, महिन्यामागून महिने, काही घडलेले नसताना. मात्र ती बेगमी एका अधिकाऱ्याच्या मेहेरनजरेवर होती, अंदाजपत्रकातल्या शीर्षावर नव्हती. २००६ च्या जुलैत त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि पाठोपाठ दोन पोलीस शिपायांचाही बळी गेला.

अमेरिकेचे उदाहरण मी नाइलाजाने घेतो, कारण 'तो तिकडचा प्रश्न, आपल्याकडे बंदुका आहेतच कुठे' असे म्हणणारे लगेच उभे राहतात. बंदुका थोड्या आहेत तोवरच सवय मोडता येते, एवढेच त्यांना उत्तर. शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने २००० मध्ये असे काम सुरू केले: ज्या वस्तीत गोळ्या चालतात तिथलीच, पूर्वी त्या वाटेने जाऊन आलेली माणसे पगारावर नेमायची, आणि सूडाची गोळी सुटण्याआधी त्यांनी मध्ये पडायचे. म्हणजे पगारावरचे नाना. राज्याचा निधी कधी आला, कधी आटला. २०१५ मध्ये तो थांबून काम जवळजवळ बंद पडले, आणि २०१६ मध्ये त्या शहरातील खुनांनी सातशेचा आकडा ओलांडला. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या संघराज्याने कायदा करून अशा कामासाठी पाच वर्षांकरिता २५ कोटी डॉलर ठेवले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुढच्या राजवटीने चालू अनुदाने एका पत्रानिशी रद्द केली. सरकार बदलले की काढून घेता येते ती मेहेरबानी होय. भरल्या आषाढात कोणी कणगी उचलून नेत नाही.

मग लहरीवर नसलेली आणि फळावर नसलेली अशी तरतूद करता येते काय? ती आमच्या दारातच आहे. आज वाशीत असलेला घाऊक बाजार मुंबईत होता तेव्हा तिथे ओझी वाहणाऱ्या माणसाला मालक नव्हता, हजेरी नव्हती, म्हातारपण नव्हते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि त्याने सरकारला हमालांचे मालक केले नाही की हमालांना दानधर्मावर सोडले नाही. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे मंडळ नेमले, मजुरीवर लेव्ही बसवली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय लावली. त्या मंडळांत आज जे दोष शिरले आहेत ते मी झाकत नाही. पण घटकेघटकेला मालक बदलणाऱ्या श्रमाची बेगमी कशी करावी हे ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी शोधून काढले, त्याला रात्री-अपरात्री मध्यस्थी करणाऱ्यांची बेगमी सुचू नये, हे मला पटत नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती शिरवण्यासारख्या गावांची खास आहे. तंटामुक्त मोहीम ग्रामपंचायतींची. आमची ग्रामसभा नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली तेव्हाच इतिहासजमा झाली. पोलीस पाटील खेड्यात असतो, मानधनही घेतो, पण त्याचे काम वर्दी देण्याचे. आणि शहरातल्या गावठाणात तोही नाही. म्हणजे नात्यागोत्याने आम्ही गाव, दप्तराने प्रभाग, आणि भांडणे दोन्हींची. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीच्या भट्ट्यांवर घडलेला कट्टा इथवर येतो तेव्हा तो वाटेत कितीदा पकडता येईल हे पोलिसांनी पाहावे, त्यांचे ते कामच आहे. पण तो हळदीच्या मांडवात पोचल्यावर कोणाच्या हातात धरण्याइतकी ओळख आहे, हा प्रश्न पोलिसांचा नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात गावठाण आणि वस्तीवार अशा माणसांसाठी एक कायम शीर्ष असावे. त्यांची निवड वस्तीने करावी आणि पोलिसांनी केवळ आक्षेप असल्यास तो नोंदवावा. हिशेब खर्चाचा मागावा, किती खून टळले याचा कदापि मागू नये. आणि त्यांच्याकडून नावे मागू नयेत, कारण ज्या दिवशी नाना खबरी झाले असे गावाला वाटेल त्या दिवशी कुठलाही पोर त्यांना मोटारसायकलवर बसवणार नाही. ही शेवटची अट सरकारला सर्वांत जड जाईल. तिच्यावाचून मात्र बाकी सारे केले तरी ते पोलिसांचे खबरजाळे होईल, आणि त्या वृद्ध कार्यकर्त्यांचे म्हणणे खरे ठरेल. 'हिशेब नाही तर लूट होईल' असा आक्षेप येतो. रिक्षाचे भाडे, बुडालेला रोज, फोनचा खर्च यांचा हिशेब नानांनी शाळेच्या वहीत, पेन्सिलीने, तारीखवार ठेवलेला आहे. तसा हिशेब कोणत्याही खात्याला पुरावा.

गेल्या मे महिन्यात, बायका अंगणात जवळा वाळत घालत होत्या त्या दुपारी, मी ती वही पुन्हा पाहायला नानांकडे गेलो. तो पोर आता तुर्भ्याच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. भूखंडाचा दावा न्यायालयात आहे आणि दोन्ही घरे हळदीला एकमेकांकडे जातात, जेवत मात्र नाहीत. मी नानांना विचारले की, सरकारने तुम्हाला काही द्यायचे ठरवले तर काय मागाल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रिक्षाचा भारा. न ठान्यान गेलू त बसाला एक खुर्ची."